वीज उलटी वाहते तेव्हा

सिद्धगडाचा आणि विजेचा संबंध १९४२ सालचा आहे. भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने त्या वर्षीच्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. पुढं २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे याच सिद्धगडाच्या रानात कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. मुरबाड-कर्जतच्या माणसांना हा इतिहास आम्ही सांगायला नको. आज आपल्याला त्यातली एक वेगळी गोष्ट बघायची आहे. दस्त्याच्या डावपेचामागं एक गृहीतक होतं: वीज एकाच दिशेनं जाते. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. घाटमाथ्याचं पाणी खाली पडायचं, वीज तयार व्हायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांकडं, रेल्वेकडं निघायची. मधला मनोरा पडला की पलीकडं अंधार, अलीकडं काही नाही. गृहीतक त्या काळाला धरून अगदी बरोबर होतं, म्हणून डावपेचही लागू पडला.

आज मुरबाड-शहापूरच्या एखाद्या गावात भर दुपारी हे गृहीतक खरं उरत नाही. छतांवर सौर पॅनल आहेत, घरातली माणसं शेतावर किंवा कामाला गेलेली आहेत, पंखे बंद आहेत. तयार झालेली वीज घरात खपत नाही, ती मीटरमधून बाहेर पडते, डीपीवर चढते आणि उच्चदाब वाहिनीवरून उपकेंद्राच्या दिशेनं चालू लागते. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं लक्ष्य देशभरातल्या एक कोटी घरांचं आहे. शेतीच्या वाहिन्यांसाठी आपल्याकडं २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. तेव्हा हा काही दुर्मीळ प्रसंग नाही. प्रश्न असा, की वाटेत दाब सांभाळायला बसवलेलं जे यंत्र आहे, त्याला ही उलटी वाहणारी वीज कळते का, आणि कळली तर ते तिचा अर्थ काय लावतं?

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, विजेचे नव्हे. पण हा प्रश्न आमच्यापुढं आला तेव्हा तो ओळखीचा वाटला. का, ते पुढं कळेल.

आधी एक शंका दूर करू. श्रोत्यांपैकी कोणीतरी नेहमी विचारतं: घरातला प्रवाह तर सेकंदाला पन्नास वेळा मागं-पुढं होतो, मग त्याला उलटं काय आणि सुलटं काय? झोका डोळ्यांपुढं आणा. झोकाही मागं-पुढंच होतो. पण तुम्ही त्याच्या चालीला धरून धक्का दिलात तर ताकद तुमच्याकडून झोक्याकडं जाते; त्याच्या चालीविरुद्ध हात धरलात तर झोक्याची ताकद तुमच्या हातात येते. दाब आणि प्रवाह यांचंही असंच आहे. दोघे ज्या क्षणी एका बाजूला झुकतात तेव्हा वीज पुढं जाते, प्रवाह दाबाच्या नेमका विरुद्ध झुकतो तेव्हा ती मागं येते. यंत्र हेच मोजतं. प्रवाहाचा जो भाग दाबाच्या तालात आहे तो कोणत्या अंगाला आहे, आणि तो ठरावीक उंबरठ्याच्या वर आहे का. उंबरठा साधारण काही टक्क्यांचा ठेवतात, नाहीतर ढग आला-गेला की यंत्राचं मन बदलत बसेल.

आता ते यंत्र. व्होल्टेज रेग्युलेटर म्हणजे मुळात एक ट्रान्सफॉर्मर, ज्याच्या गुंडाळीला पायऱ्या काढलेल्या असतात. या पायरीला टॅप म्हणतात. अमेरिकेत लांबलचक ग्रामीण वाहिन्यांवर खांबावरच असे रेग्युलेटर बसवतात. त्यांना १६ पायऱ्या वर आणि १६ खाली, प्रत्येक पायरी ०.६२५ टक्क्याची, म्हणजे एकूण दहा टक्के वर, दहा टक्के खाली. आपल्याकडं हे काम बहुतेक ठिकाणी उपकेंद्रातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा टॅपचेंजर करतो. तत्त्व एकच आहे, म्हणून समजायला आपण खांबावरचाच घेऊ.

त्याला दोन बाजू. एक उपकेंद्राकडची, तिला आपण वरची म्हणू. दुसरी गावाकडची, तिला खालची म्हणू. नियंत्रक खालच्या बाजूचा दाब मोजतो. त्याला सांगून ठेवलेलं असतं की घराच्या मापात २३० व्होल्ट राखायचे, दीड व्होल्ट इकडं-तिकडं चालेल, आणि काही हलवण्याआधी ३० सेकंद थांबायचं. दाब २२८.५ च्या खाली गेला आणि ३० सेकंद तिथंच राहिला, तर एक पायरी वर. २३१.५ च्या पुढं गेला तर एक पायरी खाली. एका पायरीत घरचा दाब सुमारे १.४ व्होल्टनं हलतो. आकडे आम्ही उदाहरणापुरते घेतलेत, पण खरे नियंत्रकही याच मापातले असतात.

यात एक गोष्ट गृहीत आहे आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. टॅप हलवला तर हलणार कोणती बाजू? पायरी तर दोन बाजूंमधलं प्रमाण बदलते, दाब नव्हे. प्रमाण बदललं की दोघींपैकी जी दुबळी आहे ती हलते, जी बळकट आहे ती जागची ढळत नाही. कल्याणच्या खाडीचं उदाहरण घ्या. काळू, भातसा, उल्हास या आपल्या नद्यांचं पाणी शेवटी तिथं जातं. भरतीला खाडीचं पाणी आत शिरतं, ओहोटीला बाहेर जातं. म्हणजे प्रवाहाची दिशा दिवसातून चारदा बदलते. पण खाडीतल्या पाण्याची पातळी दोन्ही वेळा कोण ठरवतं? समुद्रच. पाणी समुद्राकडं जात असो वा समुद्राकडून येत असो, बळकट बाजू समुद्राची. विजेत समुद्र म्हणजे ग्रीड, ज्याच्याशी हजारो मेगावॅटची केंद्रं जोडलेली आहेत. गावातल्या पन्नास छतांनी त्याची पातळी हलत नाही.

आता दोन प्रसंग बघू. दोन्हींत वीज उलटी वाहते. दोन्हींत नियंत्रकाला दिसतं ते एकच.

पहिला प्रसंग. वाहिनीला दोन टोकांकडून पुरवठा देता येतो, अशी सोय अनेक ठिकाणी असते. मुरबाडकडचं टोक दुरुस्तीसाठी बंद केलं आणि शहापूरकडून वीज चालू केली, असं समजा. आता बळकट बाजू बदलली. जी खालची होती तिकडं ग्रीड आलं, वरची बाजू पोरकी झाली. नियंत्रकाला हे कळलं नाही आणि तो जुन्याच पद्धतीनं खालच्या बाजूकडं बघत राहिला, तर काय होईल? समजा तिथं २२७ व्होल्ट आहेत. कमी आहेत म्हणून तो एक पायरी चढतो. खालची बाजू ढळत नाही, ती आता समुद्र आहे. प्रमाण मात्र बदललं, म्हणून वरची बाजू १.४ व्होल्टनं उतरते. नियंत्रक परत बघतो: २२७ च. परत एक पायरी. असं करत तो सोळाव्या पायरीवर जाऊन आदळतो आणि वरच्या बाजूच्या घरांत २०६ व्होल्ट उरतात. आपल्याकडं लघुदाबाला सहा टक्के कमी-जास्त मान्य आहे, म्हणजे २१६ ते २४४ च्या आत हवं. उलट खालच्या बाजूला २३४ असते, तर तो उतरत गेला असता आणि वरच्या घरांत २६० गेले असते. एका बाजूला दिवे मिणमिणणार, दुसऱ्या प्रसंगी फ्रीज जळणार. आणि यंत्र आपलं इमानेइतबारे काम करतंय.

यावर उपाय जुना आणि सरळ आहे. वीज उलटी झाली की नियंत्रकानं नजर फिरवायची: वरच्या बाजूचा दाब बघायचा आणि चढ-उताराची भाषा उलटी करायची. याला दुहेरी पद्धत म्हणू. वरच्या बाजूला मोजमापाचा वेगळा ट्रान्सफॉर्मर नसेल, तरी आपण कितव्या पायरीवर आहोत यावरून नियंत्रक तिकडचा दाब हिशेबानं काढतो.

दुसरा प्रसंग म्हणजे दुपारची छतं. मुरबाडचं उपकेंद्र चालू आहे, समुद्र जागच्या जागी आहे, फक्त भरतीची ओहोटी झाली. नियंत्रक दुहेरी पद्धतीवर लावलेला आहे. त्याला दिसतं: वीज उलटी. तो म्हणतो, पुरवठा पलीकडून आला, आता मी वरची बाजू सांभाळायची. वरची बाजू २३३ आहे, जास्त आहे, उतरवायला हवी. तो पायरी हलवतो. वरची बाजू जवळपास हलत नाही, कारण तिथं ग्रीड आहे. हलते ती गावाकडची, आणि ती १.४ नं चढते. परत बघतो: २३३ च. परत एक पायरी. शेवटी गावात २५६ व्होल्ट.

इथं खरा खेळ सुरू होतो. छतावरचा सौर इन्व्हर्टर दाब ११० टक्क्यांच्या, म्हणजे २५३ च्या पुढं गेला की दोन सेकंदांच्या आत ग्रीडपासून तुटायला बांधलेला आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१३ चे नियम तसे आहेत. छतं बंद पडतात. वीज पुन्हा सुलटी होते. नियंत्रकाला पुन्हा खालची बाजू दिसते, तिथला दाब अव्वाच्या सव्वा दिसतो आणि तो एकेक पायरी उतरू लागतो. दाब ठिकाणावर येतो. इन्व्हर्टर थोडं थांबून परत जोडले जातात. वीज परत उलटी. परत सगळं पहिल्यापासून! उन्हं कलेपर्यंत हा पाठशिवणीचा खेळ चालतो. ज्यानं कर्ज काढून पॅनल बसवले त्याचे ऐन दुपारचे युनिट बुडतात, ज्यानं बसवले नाहीत त्याच्या घरात २५६ व्होल्ट येतात, आणि टॅपचेंजरचे संपर्कबिंदू झिजतात ते वेगळंच.

वरची बाजू २३३ ऐवजी २२७ असती तर? मग गाव उतरत जाऊन २०४ वर बसलं असतं. हा प्रकार आम्हाला अधिक वाईट वाटतो. कारण २०४ ला इन्व्हर्टर तुटत नाही, त्याची खालची मर्यादा ८० टक्क्यांची आहे. तेव्हा संध्याकाळपर्यंत सुटका नाही, आणि पाण्याच्या मोटारी कमी दाबावर जास्त प्रवाह ओढून तापत राहतात. कोणाला काही ऐकू येत नाही, दिसत नाही.

म्हणजे पहिल्या प्रसंगात जो उपाय, तोच दुसऱ्या प्रसंगात रोग. आणि आता आम्हाला हे ओळखीचं का वाटलं ते सांगतो. न्यायशास्त्रात अनुमानाचं पहिलं उदाहरण डोंगरावरच्या धुराचं असतं: धूर दिसतो, म्हणून अग्नी आहे. हे ठीक. पण उलट बाजूनं, अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं म्हटलं तर नैयायिक अडवतो. तो तापलेला लोखंडाचा गोळा दाखवतो. त्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर व्हायला नुसता अग्नी पुरत नाही, सरपण ओलं लागतं. हे जे न बोललेलं ओलं सरपण, त्याला तो उपाधी म्हणतो. पुरवठ्याचं टोक बदललं की वीज उलटी होते, हे खरं. म्हणून वीज उलटी झाली की टोक बदललं असेलच, हे खरं नाही. रेग्युलेटर बनवणाऱ्यांनी अनेक वर्षं हे अनुमान वापरलं आणि ते चाललं, कारण गावात वीज तयार करणारं कोणी नव्हतंच. उपाधी नेहमी हजर होती, म्हणून ती कोणाला दिसली नाही. छतावर पॅनल चढले आणि लोखंडाचा गोळा समोर आला.

म्हणून आताच्या नियंत्रकांत उलट्या विजेसाठी एकापेक्षा अधिक पद्धती दिलेल्या असतात, आणि बसवणाऱ्याला त्यातली एक निवडावी लागते. उलटी झाली की आहे त्या पायरीवर गप्प बसा, ही एक. मधल्या, शून्याच्या पायरीवर या आणि मग गप्प बसा, ही दुसरी. यांत धोका कमी, पण दुपारभर दाबाला कोणी वाली नाही. तिसरी सौर गावासाठी खरी उपयोगाची. वीज उलटी झाली तरी नजर फिरवायची नाही. गावाकडचाच दाब बघायचा, चढ-उताराची भाषाही तीच ठेवायची. हिला सहनिर्मितीची पद्धत म्हणतात, कारण ती पहिल्यांदा साखर कारखान्यासारख्या स्वतः वीज करणाऱ्या ग्राहकांसाठी उपयोगी पडली असं समजायला हरकत नाही.

मग नियंत्रकाला उलटी वीज ओळखायची गरजच काय, असं तुम्ही म्हणाल. आहे, थोडी आहे. नियंत्रकात आणखी एक हिशेब असतो. रेग्युलेटरपासून गावाच्या टोकापर्यंत तारेत दाब गळतो. प्रवाह जितका मोठा तितकी गळती जास्त, म्हणून नियंत्रक प्रवाह बघून आपल्याकडचा दाब मुद्दाम थोडा चढा ठेवतो. वीज उलटी झाली की हा हिशेब वेगळा करावा लागतो, कारण आता दाब गावाकडं जाताना गळत नाही, चढतो. सहनिर्मितीच्या पद्धतीत या हिशेबाचे आकडे सुलट्यासाठी वेगळे, उलट्यासाठी वेगळे देता येतात. पण खरी गोम वीज उलटी होण्याच्या आधीच आहे. रेग्युलेटरच्या लगेच पुढं मोठा सौर प्रकल्प आहे आणि गाव त्याच्या पलीकडं पाच किलोमीटरवर आहे, असं समजा. गाव भरपूर वीज खातंय, पण ती प्रकल्पातून मिळतेय. रेग्युलेटरमधून जाणारा प्रवाह जवळपास शून्य. नियंत्रक समजतो, गावात कोणी वीज वापरत नाही, आणि दाब चढा ठेवायचं सोडून देतो. टोकाच्या वाडीत पंखा फिरायचा बंद होतो. वीज इथं कुठंही उलटी झालेली नाही, आणि तरी अनुमान चुकलं.

दिशेवरून बळकट बाजू कळत नसेल, तर ती कळायची कशी? एक युक्ती वॅटऐवजी दुसऱ्या विजेकडं बघायची आहे. मोटारींना चुंबकत्वासाठी जी प्रतिक्रियात्मक शक्ती लागते, ती साधा सौर इन्व्हर्टर देत नाही; ती ग्रीडकडूनच येते. तेव्हा वॅट उलटे झाले तरी ही शक्ती अजून सुलटी येत असेल तर ग्रीड जागेवर आहे असं समजावं. चांगली खूण आहे, पण गावाकडं कपॅसिटर बसवला असला की तीही फसते. दुसरी युक्ती आम्हाला फार आवडते. एक पायरी हलवा आणि बघा, कोणती बाजू हलली. जी हलली ती दुबळी. इथं खुणेवरून तर्क नाही, सरळ प्रयोग आहे. तिसरा मार्ग म्हणजे कोणीतरी सांगणं: उपकेंद्रातला कोणता स्विच बंद आहे, कोणता चालू, हे संदेशवहनानं नियंत्रकाला कळवायचं. प्रमाणांच्या भाषेत हे शब्दप्रमाण, आणि त्याची अट जुनीच: सांगणारा भरवशाचा हवा, आणि रेंज हवी. सिद्धगडाच्या पायथ्याला दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड.

आपल्या उपकेंद्रांतल्या टॅपचेंजरचं काय? तिथं एक सोय आहे: ३३ केव्हीची बाजू जवळपास नेहमीच बळकट असते, म्हणून नजर फिरवण्याचा प्रश्न सहसा येत नाही. पण एकाच ट्रान्सफॉर्मरवर एक वाहिनी सौर आणि तीन वाहिन्या गावांच्या असल्या, तर त्याला फक्त बेरीज दिसते. एका वाहिनीचं टोक चढलेलं आणि दुसरीचं उतरलेलं, मध्ये पायरी एकच. शिवाय जुन्या टॅपचेंजरांत एकाच रोधकाचा एक प्रकार आहे, तो यांत्रिकदृष्ट्याच उलट्या विजेसाठी योग्य नाही. पायरी बदलताना ठिणगी तुटायला त्रास होतो. तिथं सेटिंग बदलून भागत नाही.

याचा अर्थ उलटी वीज आपल्या भागाला नवी आहे असं नाही बरं का. शहापूर तालुक्यातल्या कसारा घाटात, १ : ३७ च्या चढावर, ‘खेकडा’ म्हणून ओळखली जाणारी विजेची इंजिनं १९२८ च्या सुमाराला आली. घाट उतरताना ती मोटारींचंच जनित्र करून वीज तारेत परत द्यायची. त्याच तालुक्यात चोंढ्याला घाटघर प्रकल्पाचं खालचं धरण आहे. २००८ पासून तिथली १२५ मेगावॅटची दोन यंत्रं पाणी खाली सोडून वीज करतात आणि विजेला मागणी नसते तेव्हा तेच पाणी डोंगरावर चढवतात. पण या दोन्ही ठिकाणी वीज उलटी होणार हे आधी ठरलेलं असतं, कोणीतरी बसून ते करत असतं. गावातल्या छतांना असं कोणी नाही. तिथं ढग ठरवतो.

शेवटी एक प्रश्न आला आहे: आमच्या गावात रेग्युलेटर नाही, नुसती डीपी आहे, मग आम्हाला याचं काय? आहे, तुम्हालाच जास्त आहे. अनेक डीपींनाही पायऱ्या असतात, फक्त त्या चालू विजेवर हलत नाहीत; वीज बंद करून हातानं बदलाव्या लागतात. अनेक डीपी वर्षांपूर्वी संध्याकाळच्या मिणमिणत्या दिव्यांसाठी चढ्या पायरीवर ठेवलेल्या आहेत. त्याच पायरीवर आता दुपारी छतांची वीज चढते, दाब २५३ च्या पुढं जातो आणि इन्व्हर्टर तुटतो. लोकांना वाटतं पॅनल खराब निघालं. तेव्हा एक करा. इन्व्हर्टरच्या पडद्यावर दाब दिसतो. आठवडाभर रोज दुपारी साडेबाराला आणि रात्री आठला तो वहीत लिहा, वेळेसकट. नुसता दुपारचा आकडा दिलात तर वायरमन पायरी उतरवून जाईल आणि रात्री टोकाच्या घरात दिवा लागणार नाही. दोन्ही आकडे महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्जासोबत द्या आणि पोच घ्या. डीपीला स्वतः हात लावू नका.